बाबांची दाढ, माझी दाढ

माझ्या शाळेतली पोरं मला घाबरतात. हे मी मिरवायला सांगत नाही, आहे ते आहे. पांढुर्ण्याच्या एका मराठी शाळेत मी पाचवीला गणित शिकवते, आणि मी व्हरांड्यात पाय ठेवला की शेजारचा वर्गसुद्धा चूप बसतो. आमचे हे म्हणतात, "तुह्या आवाजाले तं गेटवरचं कुत्रं बी वाट सोडते." तर अशी मी. आणि मी दाताच्या डॉक्टरला घाबरते. घाबरते म्हणजे साधंसुधं नाही हो. बाजाराच्या रस्त्यावर दाताचा दवाखाना लागतो म्हणून मी मागच्या गल्लीतून जाते. टीव्हीवर टूथपेस्टच्या जाहिरातीत पांढरा कोट दिसला की मला एकाएकी गॅसवरचं दूध आठवतं आणि मी उठते.

माझी उजवीकडची खालची दाढ दोन वर्षांपासून किडलेली होती. लवंग ठेवून झाली, लवंगाचं तेल लावून झालं, तुरटीच्या गुळण्या झाल्या, हळद-मीठ चोळून झालं. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं म्हणून हिंगाचा खडा दाबून ठेवला, तर पोरं दिवसभर दोन हात लांब उभी राहिली. तेवढा एक दिवस भीतीनं नाही, वासानं. मग मी एक सोपी युक्ती काढली. सगळं डाव्या बाजूनं. घास डावीकडे, गार पाणी डावीकडे, झोपायचं तेही डाव्या कुशीवर. दोन वर्षं मी अर्ध्या तोंडानं संसार केला आणि माहेरी कोणाला पत्ता लागू दिला नाही.

हे म्हणायचे, "दाखवून टाक ना एकदा. पाच मिनिटाचं काम." ज्याचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असतात त्याला सगळंच पाच मिनिटांचं वाटतं. मी म्हणायचे, परीक्षा झाल्या की जाते. परीक्षा झाल्या. मग म्हटलं, निकाल लागू द्या. मग ऊन फार होतं. मग पाऊस फार होता. यांनी विचारणंच सोडून दिलं, तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

आता बाबांचं सांगते. माझं सासर पांढुर्ण्याचं आणि माहेर सावरगावचं. मध्ये जाम नदी आणि तिच्यावर पूल, बस्स, एवढंच अंतर. बाबा शहात्तर वर्षांचे. थोडा कापूस, बाकी संत्र्याचा बगीचा. तरुणपणी गोटमारीतला गाजलेला गडी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून दगड सुटायचे आणि बाबा सगळ्यांच्या पुढे पाण्यात. डाव्या भुवईवर अजून बोटभर खूण आहे. टाके घालताना सुई टोचायच्या आधीच म्हणाले होते म्हणे, "भुलीचं औषध दुसऱ्या कोणाले ठेवा." ही गोष्ट त्यांनी मला किमान शंभर वेळा सांगितली असेल, आणि शंभरही वेळा माझी छाती फुगली. असा बाप आणि त्याची अशी लेक, हे मला मनातून फार लागायचं.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर बाबा हळूहळू बारीक होत गेले. गेल्या हिवाळ्यात तर पायजम्याची नाडी दोनदा गुंडाळून बांधायला लागले. वहिनी म्हणायची, "ताई, बाबा जेवतच नाहीत. आईची याद येत असंन." भाऊ म्हणायचा तेच. आल्यागेल्यालाही तेच सांगून झालं. मीसुद्धा तेच धरून चालले होते, आणि आईचं नाव निघालं की दोघी नणंदा-भावजया डोळ्याला पदर लावून मोकळ्या व्हायचो.

मग एका रविवारी मी सावरगावला गेले. संत्र्याच्या तोडीचे दिवस होते. दरवर्षी बाबा एकेका झाडाचं एक फळ सोलून, दोन फोडी तोंडात टाकून सांगायचे, हे झाड उद्या, ते झाड चार दिवसांनी. त्या दिवशी पाहते तर बाबा फळ सोलून वहिनीच्या हातावर ठेवून राहिले होते. "चाखून सांग, आंबट आहे का?" मला जरा नवल वाटलं, पण म्हटलं, सुनेला शिकवत असतील.

दुपारी जेवायला बसलो. झुणका, भाकर, कांदा. बाबांनी भाकर वरणात कुस्करली, पार लापशी केली. कांद्याला हात लावला नाही. मग घास घेतला, मान जराशी उजवीकडे कलती केली, घास जिभेनं तिकडे ढकलला आणि न चावता गिळला. मी हातातला तुकडा ताटात ठेवला. मला गाता येत नाही, विणता येत नाही, स्वयंपाकसुद्धा जेमतेम. पण एका बाजूनं जेवणारा माणूस मला कुठंही ओळखू येतो. मी त्यातली जुनी जाणकार आहे.

वहिनी आत गेल्यावर मी हळूच विचारलं, "बाबा, डावीकडे दाढ दुखून राहिली ना?"

"काय बी बोलतं. दाढ कायची दुखते?"

"मंग कांदा खा."

बाबांनी कांद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कांद्यानं पित्त होते आता मले."

"बाबा!"

"चूप बस. तुही वहिनी आयकंन."

आता मला खरंच राग आला. घरातले सगळे आईच्या नावानं रडून राहिले आणि हे इथं दाढ लपवून बसलेले. किती दिवसांपासून म्हटलं, तर म्हणाले आठ महिने. आठ महिने! मी म्हटलं, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे चला. बाबा शांतपणे ताटात हात धुवत म्हणाले, "तुह्या नवऱ्यानं मले सांगतलं आहे. तुही दाढ दोन वर्षापासून आहे. तू पहिले दाखव. मंग मी दाखवतो."

घ्या! आमच्या यांना मी घरी जाऊन काय बोलले ते इथं लिहीत नाही.

पण बाबांनी मला नेमकं कोंडीत पकडलं होतं. त्यांना पक्कं माहीत होतं की मी काही जात नाही, म्हणजे त्यांनाही जायला नको. माझ्या भीतीआड ते आरामात लपून बसले होते आणि तिकडे नाडीचा तिसरा वेढा यायची वेळ झाली होती. मी नाही गेले तर हा माणूस असाच झिजत जाईल, इतकं साधं गणित होतं. ते मला रात्रंदिवस टोचायला लागलं, दाढेपेक्षा जास्त.

एका शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर मी सौंसरची बस पकडली. पांढुर्ण्यात दाखवायचं नाही हे ठरलेलं होतं. तिथं बाकड्यावर माझ्या वर्गातल्या पोरांच्या आया भेटणार, आणि मी आत किंचाळले तर सोमवारी पाचवीला गणित कोण शिकवणार? सौंसरला मला कोणी ओळखत नव्हतं. बसमध्ये मी मनाशी घोकत होते, जायचं, बसायचं, तोंड उघडायचं, यायचं. एवढंच. तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "जामसांवलीवाले, चला, उतरा!" शनिवार, हातात पिशवी घेतलेली बाई, त्यानं माझ्याकडेच पाहिलं. "बाई, फाटा आला."

आणि मी उतरले. खरं सांगते, पाय आपोआप उतरले.

आता हनुमानजींच्या देवळाच्या फाट्यावर उतरलं आणि दर्शन घेतलं नाही असं आमच्याकडे होत नाही. रांगेत उभी राहिले, नारळ घेतला. जामसांवलीचे हनुमानजी झोपलेले आहेत, निवांत, आडवे. दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीतही माणसाला असंच आडवं करतात म्हणे, हे माझ्या मनात आलं आणि मी कान पकडून माफी मागितली. तीर्थ घेतलं, ते जरा उजवीकडे फिरवलं. हात जोडून म्हटलं, देवा, एवढी दाढ थांबव, पुढच्या शनिवारी पायी येईन. आणि काय सांगू, परतीच्या बसमध्ये दाढ थांबली! तीन दिवस गप्प. मी यांना सांगितलं, शाळेत सांगितलं, पूल ओलांडून बाबांना सांगायला गेले.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग मोबाइलची बत्ती लावली. "आ कर."

मी आ केला.

"खड्डा तं जसाच्या तसा आहे."

"पण दुखत नाही ना!"

"देवानं दुखणं थांबवलं, बाई. खड्डा बुजवाचं काम त्यानं डॉक्टराले देलं आहे." असं म्हणून त्यांनी बत्ती बंद केली आणि ती स्वतःच्या तोंडाकडे चुकूनही वळवली नाही. चौथ्या दिवशी माझी दाढ परत सुरू झाली.

त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला. बाबा बगीच्यात झाडाखाली बसले ते उठलेच नाहीत, चक्कर आली, भावानं उचलून घरी आणलं. मी चालू तास अर्ध्यात टाकून पळत गेले. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, बाकी काही नाही, अशक्तपणा आहे, पोटात अन्न नाही. बाबा खाटेवर पडले होते. गोटमारीतला तो गडी, ज्याच्या दंडाला आम्ही भावंडं लोंबकळायचो, त्याचा दंड माझ्या मुठीत मावला. मला रडू आलं आणि रागही आला, त्यांचा नाही, माझा. मी म्हटलं, "मी शनिवारी जातेच." बाबा डोळे मिटून म्हणाले, "फाट्यावर उतरू नको."

नाही उतरले. त्या शनिवारी मी थेट सौंसरला पोचले. दवाखाना पहिल्या मजल्यावर, पाटी हिंदीत, आत सगळं बोलणं मराठीत. चपला बाहेर काढायच्या. काउंटरवरच्या मुलीनं नाव, मोबाइल नंबर लिहून घेतला आणि बाकड्यावर बसवलं. शेजारी तीन-चार जणं. सगळे गप्प, सगळ्यांचा एकेक हात गालावर. आणि मग आतून तो आवाज आला. बारीक, गिरणीचा पट्टा घसरल्यासारखा. मला आठवडी बाजार दिसायला लागला.

मी तेव्हा सात वर्षांची होते. बाबांची दाढ आठ दिवस ठणकत होती आणि बाजारात रस्त्याच्या कडेला एक दातवाला बसायचा. खाली चादर, चादरीवर काढलेल्या दातांचा ढीग, गुलाबी पाण्याची बाटली आणि पक्कड. साधी, लोखंडी. त्यानं बाबांना संत्र्याच्या रिकाम्या खोक्यावर बसवलं. मी समोर उभी. बाबांनी माझं मनगट धरलं. दातवाल्यानं एक गुडघा बाबांच्या मांडीवर रोवला, पक्कड तोंडात घातली आणि हिसके द्यायला लागला. बाबांच्या तोंडून आवाज म्हणून निघाला नाही. पण माझ्या हातातल्या काचेच्या बांगड्या एकेक करून पिचत गेल्या. एक काच मनगटात घुसली. मी रडले नाही, कारण बाबा रडत नव्हते.

दाढ निघाली. बाबांनी दुपट्ट्याचं टोक तोंडात कोंबलं, उठले, आणि मला घेऊन सरळ बांगडीवालीकडे गेले. बोलता तर येत नव्हतं. बोटानंच हिरव्या बांगड्या दाखवल्या. तिनं सहा भरल्या. घरी गेल्यावर मी आईला सांगितलं, बाजारात धक्का लागून बांगड्या फुटल्या. "फुटल्या नाही म्हणू, वाढवल्या म्हणाव," एवढंच आई म्हणाली. बाबांनी काही सांगितलं नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं पुन्हा कधीच बोललो नाही. मनगटावर तांदळाच्या दाण्याएवढी खूण आहे, घड्याळाखाली झाकली जाते.

आतून कोणीतरी "आं" केलं. बस्स. मी उठले, दार उघडलं, दिसल्या त्या चपलांत पाय घातले आणि जिना उतरले. सौंसरच्या बसस्टँडपर्यंत मी मागं वळून पाहिलं नाही. बस सुटल्यावर पायांकडे लक्ष गेलं. चपला माझ्या नव्हत्या. माझ्या तपकिरी, अंगठ्याजवळ खिळा ठोकून सांधलेल्या. ह्या लाल, कोऱ्या, वर सोनेरी खडे लावलेल्या. आता माय! मी, वर्गात कोणी पेन्सिल चोरली तर त्याला कोपऱ्यात उभं करणारी बाई.

सोमवारी मधल्या सुट्टीत फोन वाजला. काउंटरवरची मुलगी. "मॅडम, तुम्ही नंबर यायच्या आधीच गेल्या का? आन् चपला कोणाच्या घालून गेल्या? बोरगावच्या एक काकू आहेत, त्याइले तुमच्या चपला घालून जा लागलं. अंगठ्याले टोचून राहिल्या म्हणते. शनिवारी त्याइची दुसरी खेप आहे. घेऊन याल ना?"

मी हो म्हटलं, शाळेत शिकवते, शनिवारी शाळा सुटली की येते, असंही सांगितलं. दुसरं काय म्हणणार? आणि संध्याकाळी हे सगळं बाबांना सांगायला गेले. चक्करवाल्या दिवसापासून मी रोज जात होते. मला वाटलं रागावतील. पण बाबा खाटेवर उठून बसले आणि इतके हसले, इतके हसले की शेवटी गाल धरून कळवळले. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. हसू ओसरल्यावर म्हणाले, "शनिवारी मी येतो. चपला मी देतो, तू आत जाजो."

"आन् मंग तुम्ही?"

"मंग मी. बोललो ना एकदा."

शनिवारी आम्ही दोघं निघालो. माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या लाल चपला. बाबा खिडकीशी, टोपी सरळ करत. कंडक्टर ओरडला, "जामसांवलीवाले, चला!" आणि आम्ही दोघंही अर्धे उठलो. खरंच, दोघंही. एकमेकांकडे पाहिलं. मग बाबांनी बसमधूनच हात जोडले, मी जोडले, आणि दोघं गपचूप खाली बसलो.

दवाखान्याच्या दारातच बोरगावच्या काकू हजर होत्या, पायात माझ्या तपकिरी चपला, चेहऱ्यावर आठवडाभराचा राग. "नवीन घालून गेल्या अन् जुन्या माह्यासाठी ठेवल्या! शिकवता काय म्हने शाळेत तुम्ही?" मी सात वेळा माफी मागितली. बाबांनी पिशवीतून चपला काढून दोन्ही हातांनी त्यांच्या पायाशी ठेवल्या, तेव्हा कुठं त्या निवळल्या. मग मला आपादमस्तक पाहून म्हणाल्या, "भेली का? हाव, मी बी भेलती. जा, मी दारापाशी बसून राहिली. आता चपला घालून कशी पळते पाहतो." आणि खरंच दारासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

नाव पुकारलं. आत गेले. डॉक्टर म्हणजे पंचवीस-सव्वीसची मुलगी, तोंडावर मास्क, डोळे हसरे. खुर्ची मागं झुकली आणि मी एकदम हनुमानजींसारखी आडवी. ती म्हणाली, "मॅडम, मी काय करणार आहे ते आधी सांगीन. आणि दुखलं, भीती वाटली, काहीही झालं, तर डावा हात वर करा. मी तिथल्या तिथं थांबते."

मी डावा हात वर केला.

"अजून काही केलंच नाही, मॅडम."

"पाहिलं, थांबता का ते."

ती हसली आणि खरंच अवजार खाली ठेवून थांबली. सुई टोचायच्या आधी मी हात वर केला, थांबली. टोचल्यावर वर केला, थांबली. मशीन सुरू झालं, वर केला, तर मशीनही थांबलं. पक्कडवाला थांबला नव्हता. मला एकदम माझा वर्ग आठवला. गणित चालू असताना एखादं पोर हात वर करतं आणि मी म्हणते, खाली घे, आधी होऊ दे. अठरा वर्षांत किती हात खाली घ्यायला लावले असतील मी! मला त्या खुर्चीतच लाज वाटली. पाचव्यांदा मी हात वर केलाच नाही. आवाज होत होता, पाणी उडत होतं, दाढेत कोणीतरी काहीतरी करत होतं, पण दुखत नव्हतं. दोन वर्षं मी ज्याला भ्याले ते हे एवढंसं होतं. मला इतका आनंद झाला की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

कापूस दाबून, पुढच्या खेपेची तारीख घेऊन मी बाहेर आले. अर्धा चेहरा बधिर, तोंड एका बाजूला ओघळलेलं, लाळ पदराला, डोळे लाल, गाल ओले. बाबांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ताडकन उठले. "झालं. चपला देल्या. चाल घरी."

मी सांगायला गेले की दुखत नाही, पण कापसानं आणि बधिर जिभेनं शब्द काही निघेना, नुसतीच लाळ. मी हातानं नाही-नाही केलं, त्यांना वाटलं मी त्यांना आत जाऊ नका म्हणते. ते दाराकडे निघाले. दारात बोरगावच्या काकू. "कुठं चालले दादा? बसा खाली."

बाबा बसले. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. माझ्याकडे न पाहता हळूच बोलायला लागले. "बाई, तुले तो बाजारातला दातवाला आठवते?"

मी मान हलवली.

"तुले वाटत असंन, बापानं हुं की चूं केलं नाही. मले त्या खोक्यावर बसवत नव्हतं. तीनदा मनात आलं, उठाव अन् घरी जाव. पण तू समोर उभी होती. डोये मोठे करून पाहून राहिली होती. म्हटलं, आता पोरीसमोर कसा पयू? तू नसती तं मी पयालो असतो, तुह्यासारखाच. दुसऱ्याच्या चपला घालून." टोपीची घडी नीट करत म्हणाले, "त्या दिवसापासून भेतो मी. दगडाले कधी भेलो नाही. याले भेतो."

एक्केचाळीस वर्षं. एक्केचाळीस वर्षं मला वाटत होतं, बाबांना भीती म्हणून माहीत नाही, आणि माझ्यातच काहीतरी कमी आहे. घरात मीच एक भित्री निघाले म्हणून मी स्वतःला किती बोल लावले होते. आणि हा माणूस तेव्हापासून माझ्यासारखाच भीत होता. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण आमच्याकडे बापाला मिठी मारायची रीत नाही. मी उठले आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा राहिले होते तशीच, सरळ, हात खाली. आणि डोळे मोठे केले.

बाबांनी वर पाहिलं. "आता बी पाहून राहिली?"

मी मान हलवली. लाळ गळली ती पदरानं पुसली.

बाबांनी टोपी उचलून माझ्या हातात दिली आणि आत गेले. त्यांच्या मागोमाग मी गेले. डॉक्टरनं एक स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं. बाबा खुर्चीत टेकले, खुर्ची मागं झुकली, तसे त्यांचे पांढरे केस दिव्याच्या उजेडात आले. डॉक्टरनं त्यांनाही तेच सांगितलं, दुखलं तर हात वर करा, बाबाजी. बाबांनी तोंड उघडलं, तिनं आरसा आत घातला, आणि त्यांचा हात खुर्चीच्या कडेवरून माझा हात शोधत आला. मनगट सापडलं. पकडलं. आणि लगेच सोडून त्यांनी दुसरा हात वर केला.

डॉक्टर थांबली. "काय झालं, बाबाजी? दुखलं?"

"नाही. पोरीच्या हातात बांगड्या आहे." मग मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वर सरकव. मांगच्या वेळी काच घुसलती."

मी डझनभर बांगड्या एकेक करून कोपराकडे चढवल्या, घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं आणि मोकळं मनगट बाबांच्या हातात दिलं.